ब्राउझरमधलं व्हीआर आणि एआर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेलवर, व्हॉट्सॲपवर आणि कार्यशाळेनंतरच्या चहाच्या वेळी फिरून फिरून येणारे हे प्रश्न आहेत. विचारणारे कॉलेजचे विद्यार्थी, छोटे व्यावसायिक, शाळेतले शिक्षक, गडकिल्ल्यांचे वेडे आणि दोनचार लग्नपत्रिका छापणारे. व्हीआर म्हणजे डोळ्यांसमोर उभं केलेलं आभासी जग, एआर म्हणजे खऱ्या जागेत ठेवलेली आभासी वस्तू. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एकाचा धागा दुसऱ्यात जातो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. ब्राउझरमध्ये व्हीआर म्हणजे नेमकं काय? ॲप न टाकता ते चालतं कसं?

लिंक उघडायची, बटण दाबायचं, संपलं. मधलं काम वेबएक्सआर नावाचं मानक करतं. तुमचं डोकं कुठे आहे आणि कुठे वळलंय हे ब्राउझर हेडसेटला (डोळ्यांवर चढवायच्या यंत्राला) विचारतो आणि ते आकडे वेबपानाला देतो. पान प्रत्येक डोळ्यासाठी वेगळं चित्र काढतं. हे सेकंदाला ७०-९० वेळा होतं, म्हणून आपण आत असल्यासारखं वाटतं.

थोडा इतिहास कामाचा आहे, कारण नेटवर जुनी माहिती ढिगाने पडली आहे. २०१४ मध्ये मोझिला या फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या संस्थेच्या व्लादिमीर वुकिचेविच यांनी वेबव्हीआरची कल्पना मांडली. त्यात एआरला जागा नव्हती. म्हणून नव्याने वेबएक्सआर घडवलं गेलं, आणि आज डब्ल्यूथ्रीसीचा (वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा) इमर्सिव्ह वेब गट ते सांभाळतो. क्रोममध्ये व्हीआरचा भाग डिसेंबर २०१९ मध्ये (आवृत्ती ७९) आणि एआरचा २०२० मध्ये (आवृत्ती ८१) सर्वांसाठी खुला झाला. समोरचा लेख 'वेबव्हीआर' शिकवत असेल तर तो बंद करा.

२. व्हीआर, एआर, एमआर, एक्सआर... यात फरक काय?

व्हीआरमध्ये खोली दिसेनाशी होते. एआरमध्ये खोली दिसते आणि तिच्यात वस्तू ठेवलेली दिसते. एमआर हा शब्द बहुतेक वेळा हेडसेटच्या कॅमेऱ्यातून खोली दाखवणाऱ्या एआरसाठी वापरतात. एक्सआर म्हणजे सगळ्यांची मोट. कोड लिहिताना फरक पडतो तो एवढाच की तुम्ही ब्राउझरकडे कुठल्या प्रकारचं सत्र (व्हीआरचं की एआरचं) मागता.

३. माझ्याकडे हेडसेट नाही. तरी शिकता येईल का?

येईल, आणि सुरुवात तशीच करावी. मेटाचं 'इमर्सिव्ह वेब एम्युलेटर' हे क्रोमचं एक्स्टेन्शन टाका. लॅपटॉपवरच खोटं हेडसेट आणि हातात धरायचे दोन खोटे कंट्रोलर मिळतात, ते माउसने हलवायचे. एआरसाठी अँड्रॉइड मोबाईल पुरतो (पण आधी प्रश्न ६ वाचा).

पुठ्ठ्याचा कार्डबोर्ड घेऊ का, असं बरेच विचारतात. गंमत म्हणून घ्या. गूगलने तो २०१४ मध्ये आणला आणि २०१९ मध्ये त्याचा कोड खुला केला. पण त्यात फक्त मान वळलेली कळते, पाऊल पुढे टाकलेलं कळत नाही. म्हणजे ३६० अंशांचे फोटो बघायला ठीक, खोलीत फिरायला नाही. शिवाय स्वस्त मोबाईलमध्ये जायरोस्कोप (वळणं मोजणारा सेन्सर) नसेल तर मानही कळत नाही.

एक गोष्ट मात्र एम्युलेटर कधीच सांगणार नाही, ती म्हणजे आकार. स्क्रीनवर नीटनेटकं दिसणारं टेबल हेडसेटमध्ये छातीपर्यंत येतं. लोकांना दाखवण्याआधी निदान एक दिवस कुणाचं तरी हेडसेट मागून आणा.

४. ए-फ्रेम, थ्री जेएस, बॅबिलॉन, प्लेकॅनव्हास. कुठून सुरुवात करू?

वेबवर थ्रीडी दृश्यं बनवायची ही तयार साधनं आहेत. एचटीएमएल येत असेल तर ए-फ्रेम. मोझिलाच्या टीमने ते डिसेंबर २०१५ मध्ये आणलं. पुढे मोझिलाने हात काढून घेतला तरी मूळ टीममधले लोक ते चालवत आहेत. एका टॅगमध्ये दृश्य, त्याच्या आत एका टॅगमध्ये ठोकळा, आणि पान चालू. 'व्हीआरमध्ये जा' हे बटणही ते स्वतःच काढतं.

पहिल्याच तासात सगळे जिथे अडखळतात ती जागा सांगतो. ठोकळ्याची जागा ०, ०, ० लिहिली की तो दिसतच नाही, कारण तो तुमच्या पायात आहे. इथे एकक मीटर आहे. दुसरा आकडा उंची. तिसरा आकडा पुढे-मागे, आणि पुढे म्हणजे *उणे*. म्हणून ०, १.६, -३ लिहा: साधारण डोळ्यांच्या उंचीवर, तीन मीटर समोर. हे एकदा अंगवळणी पडलं की अर्धी लढाई जिंकलीत.

ए-फ्रेमच्या पोटात थ्री जेएस आहे. रिकार्डो काबेयो यांनी ते २०१० मध्ये सुरू केलं आणि आज वेबवरचं बहुतांश थ्रीडी त्याच्यावरच उभं आहे. जावास्क्रिप्ट पक्की असेल तर थेट तिथे जा. रिॲक्टवाल्यांसाठी त्याचं रिॲक्टमधलं रूप आणि त्यावर एक्सआरची जोड तयार मिळते. बॅबिलॉन जेएस मायक्रोसॉफ्टमधल्या लोकांनी २०१३ मध्ये आणलं. त्यात कंट्रोलर, टेलिपोर्ट (एका जागेवरून थेट दुसरीकडे जाणं), चुका शोधायचा इन्स्पेक्टर सगळं पेटीत घालूनच येतं, त्यामुळे खेळ किंवा प्रशिक्षणाचं मोठं काम असेल तर मी तेच सुचवतो. प्लेकॅनव्हासमध्ये ब्राउझरमध्येच एडिटर मिळतो. कोडचा धाक वाटणाऱ्यांना तो बरा.

वाचायला काय? एमडीएन या वेबविषयक माहितीच्या साइटवरची वेबएक्सआरची पानं, ए-फ्रेमचं स्वतःचं दस्तऐवजीकरण, थ्री जेएसची उदाहरणं आणि इमर्सिव्ह वेब गटाने ठेवलेले वेबएक्सआरचे नमुने. यातल्या नमुन्यांचा कोड उघडून वाचायची सवय लावा. दहा व्हिडिओंपेक्षा ते लवकर डोक्यात शिरतं.

५. व्हिडिओत दाखवलं तस्सं टाईप केलं, तरी पांढरा पडदा येतो. का?

व्हिडिओ जुना आहे. एफ१२ दाबून कन्सोल (चुका दाखवणारी खिडकी) उघडा आणि पहिली लाल ओळ वाचा, शेवटची नाही. बहुतेक वेळा तिघांपैकी एक आरोपी सापडतो.

थ्री जेएस पूर्वी एका स्क्रिप्ट टॅगने यायचं. ती जुनी फाइल नव्या आवृत्त्यांतून काढून टाकली आहे. आता मॉड्यूल आणि इम्पोर्ट मॅप लागतो. दुसरा आरोपी: ए-फ्रेमच्या पोटात थ्री जेएस असताना तुम्ही बाहेरून अजून एक आणलंत. दोन सासवा एका स्वयंपाकघरात, त्यामुळे कन्सोलमध्ये 'अनेक प्रती आयात झाल्या' अशी तक्रार दिसते. तिसरा: उदाहरणातली चित्रं आणि मॉडेल ग्लिच या होस्टिंगच्या साइटवर ठेवलेली होती. ए-फ्रेमची असंख्य जुनी उदाहरणं तिथे होती आणि ग्लिचने जुलै २०२५ मध्ये प्रकल्प होस्ट करणं बंद केलं. त्यात तुमचा दोष काहीच नाही.

६. लॅपटॉपवर चालतं, पण मोबाईलवर एआरचं बटणच दिसत नाही.

या क्रमाने तपासा. पत्ता एचटीटीपीएसने सुरू होतो का? वेबएक्सआर फक्त सुरक्षित पानावर चालतं. 'लोकलहोस्ट'ला सूट आहे, पण मोबाईलवरून तुम्ही १९२.१६८ वाला पत्ता टाकता तेव्हा ती सूट मिळत नाही. उपाय: मोबाईल यूएसबीने जोडा, क्रोमच्या इन्स्पेक्ट पानावर पोर्ट फॉरवर्डिंग लावा. मग मोबाईललाही ते 'लोकलहोस्ट'च वाटतं, आणि मोबाईलच्या चुका लॅपटॉपवर वाचता येतात हा वरचा फायदा.

मोबाईल एआरकोअरच्या (गूगलच्या अँड्रॉइडवरच्या एआर यंत्रणेच्या) यादीत आहे का? गूगल मॉडेलनिहाय यादी देतं. एकाच कंपनीचा, एकाच किमतीचा एक फोन तीत असतो, दुसरा नसतो. यादीत असेल तर 'गूगल प्ले सर्व्हिसेस फॉर एआर' टाकलेलं आणि अद्ययावत असायला हवं.

लिंक कुठे उघडली? इन्स्टाग्रामसारख्या ॲपच्या आतच उघडणाऱ्या खिडकीत वेबएक्सआर मिळत नाही. तीन ठिपक्यांवरून 'क्रोममध्ये उघडा' करा. गिऱ्हाइकांना लिंक पाठवताना ही सूचना पानावरच ठळक लिहा.

तुमचं पान दुसऱ्याच्या साइटवर आयफ्रेममध्ये बसवलंय? मग त्या आयफ्रेमला एक्सआरची परवानगी वेगळी लिहून द्यावी लागते, नाहीतर बाहेर चालणारं पान आत मुकं होतं.

७. आयफोनवर काय?

इथे माझा आवाज जरा चढतो. आयफोनच्या सफारीत वेबएक्सआर नाही. आपल्याकडच्या आयफोनवर क्रोम टाकला तरी आतलं इंजिन सफारीचंच असतं, त्यामुळे त्यातही नाही. ॲपलने स्वतःच्या व्हिजन प्रोवर मात्र २०२४ च्या व्हिजनओएस २ पासून व्हीआर सत्रं चालू ठेवली आहेत. म्हणजे येत नाही असं नाही.

मग वाटा दोन. एकच वस्तू दाखवायची असेल तर क्विक लुक, म्हणजे आयओएस १२ पासून आयफोनमध्येच असलेली सोय (प्रश्न ८). छापील चित्र ओळखून त्यावर काही दाखवायचं असेल तर माइंडएआर किंवा एआर डॉट जेएस (प्रश्न ९). या लायब्ररी वेबएक्सआरवर अवलंबून नाहीत. त्या साधा कॅमेरा मागतात आणि चित्र ओळखायचं काम स्वतः करतात, म्हणून सफारीतही चालतात. मोबाईल कसा वळलाय ते हवं असेल तर आयओएस १३ पासून वेगळी परवानगी लागते, आणि ती बटण दाबल्यावरच मागता येते.

८. मला फक्त एक मूर्ती / खुर्ची गिऱ्हाइकाच्या घरात ठेवून दाखवायची आहे. एवढं सगळं शिकावं लागेल?

नाही. गूगलचा 'मॉडेल-व्ह्यूअर' हा टॅग घ्या, त्याला जीएलबी फाइल (थ्रीडी मॉडेलची फाइल) द्या आणि 'एआर' हा शब्द जोडा. अँड्रॉइडवर एआर उघडतं, आयफोनवर क्विक लुक. आयफोनला यूएसडीझेड फाइल लागते. तुम्ही ती दिली नाही तर साध्या मॉडेलसाठी टॅग ती जागेवर बनवून देतो. ॲनिमेशन किंवा विशेष चकाकी असेल तर ब्लेंडर या मोफत थ्रीडी सॉफ्टवेअरमधून वेगळी बनवलेली बरी.

घोटाळा होतो तो मापात. एका मूर्तिकाराची एक फुटी मूर्ती अंगणात दहा मजले उंच उभी राहिली होती. त्याच्या मुलाला ती फार आवडली, पण विकायची होती एक फुटी. मॉडेल सेंटिमीटरमध्ये बनवलेलं, जीएलबी मीटर समजतं, शंभरपट. ब्लेंडरमध्ये उंची ०.३ मीटर दिसतेय याची खात्री करून, स्केल 'अप्लाय' करून मगच फाइल काढा. विक्रीसाठी असेल तर बोटांनी लहानमोठं करायची सोय बंद ठेवा. नाहीतर गिऱ्हाईक सोफा चिमटीने लहान करतं, कोपऱ्यात बसवतं आणि खरा सोफा आल्यावर भांडतं.

९. लग्नपत्रिकेवर मोबाईल धरला की व्हिडिओ दिसावा. कसं करायचं?

हा प्रश्न दिवाळीनंतर दर आठवड्याला येतो. माइंडएआर वापरा. पत्रिकेचं चित्र त्याच्या ऑनलाइन कंपायलरमध्ये टाकायचं, निघालेली फाइल पानाला जोडायची, चित्रावर व्हिडिओचा चौकोन बसवायचा. क्यूआर कोड पत्रिकेवरच छापा, म्हणजे लिंक शोधावी लागत नाही.

खरी मेहनत चित्र निवडण्यात आहे. संगणक चेहरा किंवा गणपती 'ओळखत' नाही. तो कोपरे, ठिपके, गडद-उजळ सीमा शोधतो. आपली नेहमीची पत्रिका, म्हणजे मधे छोटा गणपती, भोवती कोरी जागा आणि कडेने सारखं सारखं तोरण, ही त्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट. कोऱ्या जागेत पकडायला काही नाही आणि तोरणाचा प्रत्येक तुकडा दुसऱ्यासारखा. वारली चित्रांनी भरलेली, डावी-उजवी बाजू वेगळी असलेली पत्रिका पटकन पकडली जाते.

माझी फजिती सांगतो. एका पत्रिकेची चाचणी मी साध्या कागदावर प्रिंट काढून घेतली. झकास चालली. छापून आली ती सोनेरी फॉइलमध्ये. फॉइल ट्यूबलाइटखाली पांढरं, खिडकीजवळ काळं, आणि तिरकं धरलं की आरसा. कॅमेऱ्याला दर वेळी वेगळीच पत्रिका दिसत होती. चारशे पत्रिका वाटून झालेल्या. शेवटी आतल्या पानावरचा वधूवरांचा छापील फोटो लक्ष्य केला आणि क्यूआरच्या पानावर 'पत्रिका उघडून धरा' असं लिहिलं. तेव्हापासून छापखान्याच्या अंतिम प्रतीवर चाचणी झाल्याशिवाय मी होकार देत नाही.

व्हिडिओ आवाज बंद ठेवूनच आपोआप सुरू होईल. आवाजासाठी 'सनई ऐका' असं बटण द्या. कारण प्रश्न १५ मध्ये आहे.

एआर डॉट जेएसचे काळ्या चौकटीचे मार्करही चालतात आणि जुन्या फोनवर ते जास्त भरवशाचे आहेत. पण त्यांच्याभोवती पांढरा काठ सोडा. काळ्या चौकटीला चिकटून डिझाइन छापलं तर मार्कर सापडत नाही.

१०. पान कॅमेऱ्याची परवानगी मागतं. म्हणजे लोकांच्या घरातलं चित्रण माझ्याकडे येतं का?

कुठली वाट घेतलीय त्यावर आहे. वेबएक्सआरच्या साध्या एआर सत्रात पानाला कॅमेऱ्याचं चित्र मिळतच नाही. ब्राउझर फक्त फोन कुठे आहे, जमीन कुठे आहे एवढं सांगतो आणि तुमची वस्तू चित्रावर स्वतः चढवतो. चित्र हवंच असेल तर त्यासाठी वेगळी सोय आणि वेगळी परवानगी आहे.

माइंडएआर आणि एआर डॉट जेएसचं उलटं. तिथे पानाला खरोखर व्हिडिओ मिळतो. या लायब्ररी तो फोनवरच तपासतात, कुठे पाठवत नाहीत. पण पान तुमचं आहे, म्हणजे जबाबदारीही तुमची. शाळेसाठी काम करत असाल तर पालक हा प्रश्न विचारणारच. उत्तर आधी पानावर लिहून ठेवा.

११. देवनागरी अक्षरं फुटतात. 'दिवाळी'चं 'दविाळी' होतं!

मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला हा खड्डा लागतो, आणि इंग्रजी लेखांत त्याचा उल्लेखही नसतो.

ए-फ्रेमचा मजकुराचा घटक अक्षरांचे ठसे एकापुढे एक ठेवतो. इंग्रजीला तेवढं पुरतं. देवनागरीत पहिली वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर आणि दिसावी लागते व्यंजनाआधी. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, 'ष्ट्र' तिघांचा मिळून एक आकार होतो. ही जुळणी करायला वेगळी यंत्रणा लागते, ती त्या घटकात नाही. मूळ फॉण्टमध्ये तर देवनागरीच नसते, त्यामुळे आधी काहीच दिसत नाही, आणि फॉण्ट घातला की 'दविाळी' दिसतं. थ्री जेएसची एखादी मजकुराची लायब्ररी घेणार असाल तर भरवसा ठेवण्याआधी ही ओळ लिहून बघा: 'महाराष्ट्रातल्या दऱ्या, सूर्य आणि किल्ले'. रफार, अर्धा र, जोडाक्षर, वेलांटी सगळं त्यात आहे.

खात्रीचा उपाय साधा आहे. ब्राउझरला देवनागरी उत्तम येते, मग त्याच्याकडूनच लिहून घ्या. एक अदृश्य कॅनव्हास बनवा, त्यावर मजकूर काढा, तो कॅनव्हास टेक्स्चर (पृष्ठभागावर चिकटवायचं चित्र) म्हणून एका सपाट पट्टीवर लावा. दहा-बारा ओळींचा कोड आहे.

त्यात चार ठिकाणी ठेच लागते. फॉण्ट उतरायच्या आधी अक्षरं काढलीत तर भलताच फॉण्ट येतो, म्हणून फॉण्ट लोड झाल्याची वाट बघा. वर-खाली जागा सोडा, नाहीतर 'कैरी'च्या मात्रा आणि 'कृ'चा पाय कापला जातो. पट्टीचं लांबी-रुंदीचं प्रमाण कॅनव्हासइतकंच ठेवा. आणि मजकूर बदलल्यावर टेक्स्चरला 'बदल झालाय' हे सांगा, तो आपणहून बघत नाही. फॉण्ट म्हणून मी मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' वापरतो. जाड वजनात तो हेडसेटमध्येही स्वच्छ वाचता येतो. बारीक रेघांचे फॉण्ट तिथे थरथरतात.

१२. मॉडेल किती एमबीचं चालेल?

लोक फाइलचा आकार विचारतात, पण फोन गुदमरतो मेमरीने. हिशोब करून बघा. ४०९६ × ४०९६ चं एक टेक्स्चर जेपीजी म्हणून ३ एमबी असेल. ग्राफिक्स चिपला जेपीजी कळत नाही. ती प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट्स देते: ६४ एमबी. दुरून बघण्यासाठीच्या लहान प्रती धरून सुमारे ८५. एका मूर्तीला अशी चार टेक्स्चर लावलीत की स्वस्त फोनवर टॅब बंद पडतो आणि तुम्ही म्हणता, 'फाइल तर फक्त १२ एमबीची आहे.'

म्हणून आधी टेक्स्चर १०२४ वर आणा. मोबाईलवर फरक दिसला तर मला कळवा. मग ते केटीएक्स२ या फॉरमॅटमध्ये करा, त्यात टेक्स्चर चिपच्या पोटातही दाबलेलंच राहतं आणि मेमरी चौथाईवर किंवा त्याहून खाली येते. ड्रॅको ही दाबायची पद्धत मॉडेलच्या आकाराच्या जाळीसाठी आहे. ती फाइल लहान करते, टेक्स्चरला हात लावत नाही. हे सगळं ग्लटीएफ-ट्रान्सफॉर्म या साधनाने एका आज्ञेत होतं. फॉरमॅट जीएलबीच ठेवा. ग्लटीएफ २.० हे ख्रोनोस गटाचं २०१७ पासूनचं मानक आहे आणि क्विक लुक सोडलं तर वर सांगितलेली साधनं ते वाचतात.

हेडसेटमध्ये वेळ मोजा. सेकंदाला ७२ चित्रांच्या गतीला प्रत्येक चित्रासाठी १३.९ मिलिसेकंद मिळतात, ९० ला ११.१. त्यात दोन डोळे.

आणि हॉलमधलं वायफाय विसरू नका. मी एका प्रदर्शनात ४८ एमबीचं दृश्य घेऊन गेलो होतो. घरी तीन सेकंदांत उघडायचं. तिथे तीस जणांनी एकदम क्यूआर स्कॅन केला आणि गोल चकती फिरत राहिली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत बसून ते ६ एमबीवर आणलं. संध्याकाळच्या लोकांनी कुणीच 'दर्जा कमी वाटतो' असं म्हटलं नाही.

१३. फुकट मॉडेल कुठे मिळतात? वापरले तर काही अडचण?

पॉली हेवन, केनी आणि क्वाटर्नियस यांचं साहित्य सीसी-झीरो आहे, नाव न देताही चालतं. पॉली पिझ्झावर सोपी, हलकी मॉडेल आहेत. गूगलचं पॉली हे मॉडेलचं संकेतस्थळ जून २०२१ मध्ये बंद झालं, त्यातली बरीच तिथे जपलेली सापडतात. स्केचफॅबवर खजिना आहे, पण प्रत्येक मॉडेलचा परवाना वेगळा. 'बीवाय' असेल तर कर्त्याचं नाव द्यायचं, 'एनसी' असेल तर धंद्याच्या कामात वापरायचं नाही. स्मिथसोनियनने २०२० पासून आपल्या संग्रहातल्या वस्तूंची थ्रीडी मॉडेल खुली केली आहेत, शाळांसाठी उत्तम.

मॉडेल उतरवलं त्याच दिवशी त्याचा परवाना आणि कर्त्याचं नाव एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवा. दोन वर्षांनी पान नाहीसं झालं की आठवत नाही.

१४. आमच्या गावचा किल्ला / वाडा ब्राउझरमध्ये आणायचा आहे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून घेतल्यापासून हा प्रश्न वाढलाय. वाटा तीन आहेत.

सर्वांत स्वस्त: ३६० अंशांचे फोटो. रुंदी उंचीच्या दुप्पट असलेलं चित्र ए-फ्रेमच्या आकाशाच्या टॅगला लावलं की झालं. मोबाईलसाठी ४०९६ × २०४८ पुरे. चालता येत नाही, पण दरवाजा ते बालेकिल्ला असे दहा थांबे जोडले तर शाळेच्या तासाला पुरतं.

दुसरी: फोटोग्रॅमेट्री, म्हणजे फोटोंवरून थ्रीडी मॉडेल. एकमेकांवर निदान दोन-तृतीयांश चढणारे शेकडो फोटो काढायचे, मेशरूमसारख्या मोफत साधनात टाकायचे (एनव्हिडियाचं कार्ड लागेल), ब्लेंडरमध्ये हलकं करायचं. आपला काळा पाषाण खडबडीत असल्याने छान पकडला जातो, पण ढगाळ, *कोरड्या* दिवशी. ओला दगड चकाकतो आणि चकाकी पाहून साधन गोंधळतं. गवतही वाऱ्याने हलतं. त्यामुळे ज्या दिवसांत गड सर्वांत देखणा दिसतो तेच दिवस या कामाला निरुपयोगी.

तिसरी: गॉशियन स्प्लॅट, २०२३ पासूनचं तंत्र. पृष्ठभाग न बनवता लाखो धूसर ठिपके. पारंब्या, गवत, तुटक्या कमानी यांत विलक्षण खरं दिसतं. प्लेकॅनव्हासच्या सुपरस्प्लॅटमध्ये ब्राउझरमध्येच साफसफाई करता येते. पण हेडसेटमध्ये जड जातं, ठिपके निर्दयपणे छाटा.

परवानगीचं आधी बघा. त्या १२ पैकी रायगड, शिवनेरी, पन्हाळा, सिंधुदुर्ग यांच्यासह आठ केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी, प्रतापगड राज्याच्या खात्याकडे. ट्रायपॉड, दिवे किंवा ड्रोन नेणार असाल तर योग्य खात्याकडून लेखी घ्या. ड्रोनला २०२१ चे ड्रोन नियमही लागू होतात.

१५. आवाज येत नाही. व्हीआर आपोआप सुरूही होत नाही.

दोन्हीचं कारण एकच. माणसाने काही दाबल्याशिवाय ब्राउझर आवाज सुरू करत नाही आणि एक्सआर सत्रही उघडत नाही. एकच 'आत या' बटण ठेवा, त्याच दाबण्यात दोन्ही उरका.

१६. हेडसेट घातलं की चित्र थिजतं, आणि माझी बटणं गायब होतात.

थिजण्याचं कारण बहुधा चलचित्राची फेरी, म्हणजे दर चित्रासाठी पुन्हा पुन्हा चालणारा कोड. व्हीआरमध्ये गेल्यावर खिडकीची नेहमीची फेरी चालेलच असं नाही, सत्राची स्वतःची फेरी असते. थ्री जेएसमध्ये रेंडररचा 'सेट ॲनिमेशन लूप' वापरा, तो दोन्हीकडे चालतो.

बटणं गायब होतात कारण व्हीआरमध्ये एचटीएमएल दिसतच नाही. मोबाईलवरच्या एआरमध्ये 'डॉम ओव्हरले' मागून वर एचटीएमएल ठेवता येतं. व्हीआरमध्ये बटणं थ्रीडीतच बनवावी लागतात, त्यावरची मराठी प्रश्न ११ प्रमाणे.

१७. बघणाऱ्यांना चक्कर येते.

डोळ्याला हालचाल दिसते, कानातल्या तोलाला जाणवत नाही, म्हणून मळमळतं. कॅमेरा स्वतःहून कधीही हलवू नका. सरकत चालण्याऐवजी टेलिपोर्ट द्या, वळण ३० किंवा ४५ अंशांच्या टप्प्यांनी. गती घसरली तरी चक्कर येते (प्रश्न १२). पहिल्यांदा घालणाऱ्याला खुर्चीत बसवा, आणि 'रोलर कोस्टर दाखवा ना' या आग्रहाला बळी पडू नका.

१८. पान कुठे ठेवू? तयार प्लॅटफॉर्म घेऊ की स्वतः करू?

साध्या फाइल आहेत, त्या कुठेही राहतात: गिटहब पेजेस, नेटलिफाय, क्लाउडफ्लेअर पेजेस. तिन्हींवर एचटीटीपीएस मिळतं. गिटहबवर १०० एमबीपेक्षा मोठी फाइल चढत नाही, आणि मोठ्या फाइलसाठीचं एलएफएस पेजेसवर चालत नाही.

तयार प्लॅटफॉर्मबद्दल माझं मत कडक झालंय. एकत्र भेटण्यासाठी मोझिला हब्स होतं, २०१८ ते मे २०२४. कोड खुला असल्याने स्वयंसेवकांनी ते पुढे नेलं, पण ज्यांनी खोल्या सजवल्या होत्या त्यांना सामान उचलावं लागलं. एटथ वॉल हे आयफोनवरचं सर्वांत भक्कम एआर, २०२२ मध्ये नायँटिक या कंपनीकडे गेलं आणि २०२५ मध्ये ते आवरतं घेत असल्याची घोषणा झाली. पॉली आणि ग्लिचचं वर आलंच. प्लॅटफॉर्म वापरा, पण मूळ ब्लेंडर फाइल, जीएलबी, फोटो आणि मजकूर तुमच्या डिस्कवर हवेत, आणि लायब्ररीची फाइलही स्वतःच्या फोल्डरमध्ये उतरवून ठेवा. पत्ता स्वतःच्या डोमेनचा घ्या. क्यूआर छापला गेला की तो बदलता येत नाही, डोमेनमागचं पान बदलता येतं.

१९. २०१८-१९ मध्ये केलेला माझा प्रकल्प आता व्हीआरमध्ये जातच नाही. फेकून देऊ?

थांबा. तो ए-फ्रेमच्या ०.९ किंवा आधीच्या आवृत्तीवर असणार, म्हणजे वेबव्हीआरवर (प्रश्न १). डिसेंबर २०१९ च्या १.० पासून ए-फ्रेम वेबएक्सआरवर आलं. पानाच्या डोक्यावरचा आवृत्तीचा आकडा बदला आणि कन्सोल बघा. साधी दृश्यं बऱ्याचदा तेवढ्यानेच उभी राहतात. मोडतात ते बाहेरून जोडलेले घटक. एकेक काढून टाका, पान चालू झालं की त्यांच्या नव्या आवृत्त्या एकेक परत जोडा. रंग फिके किंवा गडद झाले तर घाबरू नका. थ्री जेएसने मधल्या काळात रंग आणि प्रकाश मोजायची पद्धत बदलली, दिव्यांची तीव्रता हाताने लावून घ्या.

चित्रं ग्लिचवर होती आणि तुमच्याकडे प्रत नाही? मग जुना लॅपटॉप, त्याचा डाउनलोड फोल्डर, आणि ज्याला तेव्हा पेनड्राइव्हवर दिलं होतंत तो मित्र, या क्रमाने शोधा. माझं एक दृश्य तिसऱ्या ठिकाणी सापडलं.